नव्या घराची भांडी: धनत्रयोदशीला सगळी एकदम नकोत

नागपुरातील मानेवाड्याहून एका ताईंनी या सदरासाठी पत्र पाठवले आहे. त्यांच्या मुलाचे लग्न वैशाखात झाले. मुलगा मिहानमधील एका कंपनीत कामाला आहे, सून बँकेत नोकरी करते आणि दोघे येत्या दसऱ्याला मनीषनगरातील भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरासाठी ताईंनी २५,००० रुपये बाजूला काढले असून धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर सगळी भांडी एकदम घ्यावीत, असा त्यांचा विचार आहे. एका दुकानात त्यांना ५१ नगांचा स्टीलचा संच पसंत पडला आहे. सुनेला नॉनस्टिक हवे आहे आणि ताईंना त्याची भीती वाटते. शिवाय त्यांच्या माळ्यावर सासूबाईंच्या काळातील पितळेची भांडी आहेत: दोन गंज (पातेली), एक कोपर, पाण्याचा गुंड आणि काही वाट्या. ही भांडी मोडीत देऊन तेवढी रक्कम नव्या खरेदीत वळती करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सादर नमस्कार.

इतवारीत भांड्यांचे दुकान चालवणारा माणूस म्हणून मी आपणास स्पष्टपणे सांगतो की तो ५१ नगांचा संच घेऊ नये, आणि २५,००० रुपये एका दिवसात तर मुळीच खर्च करू नयेत. आपल्या नागपूरचे स्वयंपाकघर बारा महिने सारखे नसते. पौषात सोलेभात आणि भरीत, चैत्र-वैशाखात माठ आणि वाळवण, ज्येष्ठात लोणचे, भाद्रपदात महालक्ष्म्यांचा मोठा स्वयंपाक असा वर्षाचा फेरा असतो आणि प्रत्येक ऋतूची भांडी वेगळी असतात. नव्या जोडप्याने रोजची पाच-सहा भांडी आधी घ्यावीत आणि उरलेली, त्या त्या ऋतूत गरज उभी राहिली की एकेक करून घ्यावीत, म्हणजे प्रत्येक भांडे चांगल्या प्रतीचे घेता येते आणि न लागणारे भांडे घरात येतच नाही.

संचातील ५१ हा आकडा कसा भरला जातो, ते दुकानात उभे राहून एकदा मोजून पाहावे. ताटे, वाट्या, पेले, चमचे आणि झाकणे यांतच तो बहुतेक संपतो. ज्यांत अन्न प्रत्यक्ष शिजते अशी भांडी फार थोडी निघतात आणि तीही बहुधा पातळ पत्र्याची असतात. स्टील हा धातू टिकाऊ आणि स्वच्छ ठेवायला सोपा असला, तरी उष्णता पसरवण्यात तो फार मागे आहे; ॲल्युमिनियम त्याच्यापेक्षा दहा पटींहून अधिक चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेते. त्यामुळे पातळ स्टीलच्या गंजात दूध तापवले की गॅसच्या ज्योतीच्या नेमक्या वर्तुळात ते लागते, खिचडी खाली करपते आणि वर कच्ची राहते, आणि नवशिक्या सुनेला वाटते की आपल्यालाच स्वयंपाक जमत नाही. पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि हा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ असतो: २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर आणि १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. दुकानदाराला गेज विचारावा. तो सांगता येत नसेल तर एकाच मापाची दोन भांडी दोन हातांत धरून वजन पाहावे, फरक लगेच कळतो.

स्टीलच्या प्रतीबद्दल बाजारात एक गैरसमज पक्का बसला आहे, तोही येथेच दूर करतो. अनेक गिऱ्हाइके खिशात लोहचुंबक घेऊन येतात आणि भांड्याला चुंबक चिकटला नाही की ते ३०४ प्रतीचे आहे, असे समजतात. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून तिला १८/८ असेही म्हणतात, आणि तिला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरे आहे. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त २०२ प्रतीलाही तो चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने या दोन प्रतींमधला फरक कळत नाही. भांड्यावरचा शिक्का आणि पावतीवर लिहून घेतलेली प्रत, यांवरच भरवसा ठेवावा. चुंबकाचा खरा उपयोग वेगळा आहे. मुले भाड्याच्या घरात राहणार, उद्या घर बदलले किंवा सिलिंडर संपला तर इंडक्शनची शेगडी वापरावी लागेल, आणि ती चालते ती केवळ बुडाला चुंबक घट्ट चिकटणाऱ्या भांड्यांवरच. म्हणून रोजच्या भांड्यांच्या बुडाला चुंबक जरूर लावून पाहावा आणि तो चिकटेल अशीच भांडी घ्यावीत.

आता दसऱ्यालाच लागणारी भांडी. पहिला कुकर. दोघांसाठी ३ लिटरचा पुरेसा होतो, पण आपण सगळे रविवारी जेवायला जाणार असाल तर ५ लिटरचा घ्यावा आणि आत दोन डबे ठेवून वरण-भात एकदम लावावा. कुकरवर आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक पाहिल्याशिवाय तो घेऊच नये. कुकरसाठी ही खूण देशात सक्तीची आहे. कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि म्हणूनच तुरीची डाळ इतक्या लवकर शिजते. पण हाच दाब कोंडला गेला तर धोका होतो. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये, आणि डाळ थेट कुकरात शिजवायची असेल तर निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये, कारण तिचा फेस शिटीच्या नळीत जाऊन बसतो. सुनेला आणि मुलालाही हे सांगावे की शिटीची नळी प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहायचे, आणि रबरी रिंग कडक झाली की बदलायची. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्यावा. रस्त्यावर मिळणारा दिसायला तसाच व्हॉल्व्ह बसवू नये. मनीषनगराकडच्या काही इमारतींत बोअरवेलचे पाणी वापरतात आणि त्याने कुकरच्या आत पांढरा थर धरतो. खालच्या पाण्यात लिंबाची वापरलेली फोड टाकली की तो थर धरत नाही आणि ॲल्युमिनियमचा कुकर काळाही पडत नाही.

दुसरी, तिहेरी थराची कढई. हिला बाजारात ट्रायप्लाय म्हणतात. आत आणि बाहेर स्टील आणि मध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो, त्यामुळे आच कढईभर सारखी पसरते आणि अन्नाला स्पर्श मात्र स्टीलचाच होतो. पैसे जिथे खर्च करावेत अशी ही जागा आहे. बुडाला तांब्याचा मुलामा दिलेली स्टीलची भांडी याच कामाची म्हणून दाखवली जातात, पण तो मुलामा इतका पातळ असतो की आच पसरवण्यात त्याचा फारसा हातभार लागत नाही. त्याऐवजी साधे जाड बुडाचे भांडे चांगले. झुणका, पाटोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, सगळे या एका कढईत होते. स्टीलमध्ये एक पथ्य पाळावे: थंड पाण्यात मीठ टाकून ते तसेच ठेवू नये, पाणी उकळल्यावर मीठ घालावे, नाहीतर तळाला बारीक खड्डे पडतात.

तिसरा, लोखंडी तवा, आणि भाकरीसाठी शक्य असल्यास बिडाचा. कारखान्यातून येताना त्यावर तेलाचा वा मेणाचा लेप असतो, तो साबणाने धुऊन तवा गॅसवर पूर्ण कोरडा करावा, मग अगदी पातळ तेल फडक्याने पुसून लावावे आणि धूर येऊ लागेपर्यंत तापवावे. असे तीन-चार वेळा केले की तवा काळा आणि गुळगुळीत होतो. विदर्भात जवसाचे तेल सहज मिळते आणि या कामाला ते उत्तम असते, कारण ते वाळून घट्ट पापुद्रा धरते. मात्र थर जाड दिला तर तो पुढे सुटतो, म्हणून तेल लावून पुन्हा पुसून घ्यावे. चिंच, टोमॅटो, ताक असे आंबट पदार्थ लोखंडात शिजवून ठेवू नयेत. ते काळे पडतात आणि धातूची चव उतरते. चौथा, दूध आणि भातासाठी जाड बुडाचा गंज. त्याबरोबर पोळपाट-बेलणे, सराटा, पळी, झारा, चिमटा आणि विळी किंवा चाकू. ताटे-वाट्या सहा जणांच्या पुरेत. दसऱ्याला एवढेच घ्यावे. माझ्या अंदाजाने आपण ठरवलेल्या रकमेच्या निम्म्यात हे सगळे चांगल्या प्रतीचे बसते.

नॉनस्टिकबद्दल माझे मत आपल्याहून थोडे वेगळे आहे. ते स्वयंपाकघर सुनेचे आणि मुलाचे आहे, सकाळी साडेआठला घर सोडणाऱ्या मुलीला धिरडे न चिकटता निघावे असे वाटते, आणि तिची ही मागणी रास्त आहे. तिला एक सपाट नॉनस्टिक तवा अवश्य घेऊन द्यावा. त्यावरचा लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो आणि त्यापुढे खराब होऊ लागतो. मंद आणि मध्यम आचेवर अन्न असलेला तवा तिथवर जात नाही, पण रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर काही मिनिटांत जातो. म्हणून तीन नियम पाळावेत: तवा रिकामा तापवू नये, सराटा लाकडी वापरावा आणि लेप उचकटला की तवा टाकून द्यावा. नॉनस्टिकची कढई मात्र घेऊ नये, कारण आपल्याकडची फोडणी कडकडीत तेलाची असते आणि मसाला परतायला मोठी आच लागते. घरात पोपट पाळला असेल तर नॉनस्टिक आणूच नये. अति तापलेल्या लेपाचा धूर पक्ष्यांना मारक असतो.

यापुढची खरेदी ऋतू सांगेल तशी करावी. दिवाळीनंतर थंडी पडते, बाजारात संत्री, मेथी आणि भरताची वांगी येतात आणि त्यामागोमाग तुरीच्या ओल्या शेंगा. या दिवसांत वांगे भाजायची जाळी आणि दगडी खलबत्ता, या दोनच वस्तू पुरतात. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, हे मान्य, तरी जाड तारेच्या जाळीवर वांगे सावकाश फिरवत भाजले की धुराचा वास बऱ्यापैकी उतरतो. खलबत्ता घेताना आत पाणी घालून बोटाने चोळावे. दगडाची पूड सुटत असेल तर तो घेऊ नये. घरी आणल्यावर त्यात भिजवलेले तांदूळ दोन-तीनदा वाटून टाकून द्यावेत आणि मगच लसणाची चटणी किंवा ठेचा कुटावा.

उन्हाळा हा नागपूरच्या स्वयंपाकघराचा खरा परीक्षेचा काळ, आणि माझ्या दुकानातही सर्वांत अधिक प्रश्न याच काळात विचारले जातात. येथे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवा कोरडी असते. या कोरडेपणामुळेच माठ आपल्याकडे इतके चांगले काम करतो. माठाच्या अंगातील बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याचे बाष्प होते आणि बाष्प होताना ते आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. हिशेबाने पाहिले तर १ लिटर पाण्याचे बाष्प होताना जेवढी उष्णता खर्च होते, तेवढी काढून घेतल्यास ५० लिटरांहून अधिक पाणी १० अंशांनी थंड होईल. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ मंद पडतो आणि आपल्याकडेही पावसाळ्यात त्याचा गुण जातो. यावरून माठ कसा निवडावा हे आपोआप कळते. रंगवलेला, चकचकीत रोगण दिलेला माठ दिवाणखान्यात शोभतो, पण त्याची छिद्रे बुजलेली असल्याने पाणी थंड होत नाही. साधा, न रंगवलेला माठ घ्यावा, बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर तडा गेलेला. फाल्गुनातच घ्यावा, कारण चैत्र सरता सरता चांगले माठ संपतात आणि उरलेले घाईने भाजलेले असतात. घरी आणल्यावर एक दिवस पाण्याने काठोकाठ भरून ठेवावा आणि ते पाणी झाडांना घालावे. आत साबण कधीही लावू नये, तो छिद्रांत मुरतो. बाहेरून पांढरा खार आला की काथ्याने घासून काढावा. माठ भिंतीला टेकवू नये, खिडकीजवळ वारा लागेल अशा ठिकाणी तिवईवर ठेवावा. फ्लॅटमध्ये फ्रिज असतानाही नवतप्याच्या दिवसांत माठाचे पाणी घशाला जे समाधान देते ते फ्रिजच्या पाण्याला देता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

वाळवण करायचे की नाही, हे मुलांवर सोडावे. दोघेही नोकरीला जाणार असतील तर त्यांना कुरडया आणि सरगुंडे आपणच कराल हे उघड आहे, आणि मग सोऱ्या आपल्या घरी असला की झाले. नवा घ्यायचाच असेल तर पितळेचा, स्क्रूचा घ्यावा आणि चकत्यांच्या कडा हाताने तपासाव्यात. गव्हाचा चीक शिजवायला जाड बुडाचे मोठे भांडे लागते, त्याविषयी पुढे पितळेच्या गंजाबरोबर लिहितो.

मे महिन्याच्या शेवटी आणि पाऊस पडण्याआधी कैरीचे लोणचे घालतात. त्यासाठी चिनी मातीची बरणी घ्यावी. मीठ आणि कैरीचा आंबटपणा महिनोन्‌महिने धातूला लागून राहिला तर स्टीलही खड्डे पडून खराब होते, मग ॲल्युमिनियमची तर गोष्टच सोडा. बरणीच्या आतल्या बाजूला रंगीत नक्षी नसावी आणि आतली झिलई अखंड असावी. बारीक तडे असतील तर त्यात तेल-मसाला मुरतो आणि पुढच्या वर्षीचे लोणचे नासते. दोघांसाठी २ किलोची बरणी पुष्कळ झाली. ती धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवावी. झाकणावर बांधायला सुती फडके लागतेच. रबराचे घट्ट झाकण असलेली काचेची बरणीही चालते, पण ती उन्हात ठेवू नये.

पावसाळ्याची खरेदी थोडी आहे: घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे. वर्षाचे धान्य भरायची सवय नव्या पिढीत उरलेली नाही आणि मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये कोठीला जागाही नसेल, म्हणून तांदूळ, तूरडाळ आणि कणकेसाठी प्रत्येकी ५ किलोचे डबे पुरेत. झाकण लावल्यावर डबा उलटा धरून हलवून पाहावा. लोखंडी तवा या दिवसांत धुतल्या धुतल्या गॅसवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवून ठेवावा आणि पोळपाट उभा करून वाळवावा, नाहीतर श्रावणात त्याला बुरशी येते.

आता आपल्या पत्रातील ज्या प्रश्नाने मला सर्वांत अधिक बेचैन केले त्याकडे येतो. ताई, ती पितळेची भांडी मोडीत देऊ नका. यात भावनेचा भाग आहे, पण आधी व्यवहार पाहू. मोडीत भांडे दिले की आपणास धातूचा भाव मिळतो, तोही घट वजा करून. आणि नवे पितळेचे भांडे घेताना धातूच्या भावावर घडणावळ द्यावी लागते. म्हणजे आपण दोन्ही बाजूंनी गमावता. शिवाय त्या बदल्यात हाती काय येणार, तर पातळ पत्र्याचे स्टील. जुने गंज सहसा जाड आणि भरीव असतात. आपल्या शेजारचा भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला आहे आणि नागपूरच्या जुन्या घरांत तिकडची भांडी पुष्कळ आहेत. तसा जाड गंज आज नव्याने घ्यायला निघालात तर त्याची किंमत ऐकून आपण माघारी फिराल. आणखी एक गोष्ट करून पाहावी: गंज चिंच-मिठाने घासून त्याच्या काठाखाली पाहावे. लग्नात, बारशाला दिलेल्या भांड्यांवर त्या काळी नाव घालून देत असत. आपल्या सासूबाईंचे किंवा त्यांच्या माहेरचे नाव तिथे असण्याचा फार संभव आहे, आणि मोडीत गेलेले भांडे भट्टीत वितळते, ते परत आणता येत नाही.

पितळ वापरायचे म्हणजे कल्हई आलीच. पितळ तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाने बनते. त्यात दही, ताक, चिंच असे आंबट पदार्थ ठेवले की ते कळकतात आणि पोटाला अपायकारक होतात. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर: भांडे तापवून, नवसागराने साफ करून, त्यावर कथील कापसाच्या बोळ्याने फिरवतात. कथील शुद्ध असावे, त्यात शिसे मिसळलेले नसावे. म्हणून ओळखीच्या कल्हईवाल्याकडे जावे आणि काम समोर उभे राहून करून घ्यावे. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, हे लक्षात ठेवले की पथ्य आपोआप समजते: कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये आणि त्यात कोरडे भाजू नये. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घालावी. तारेच्या घासणीने घासू नये, आणि आत पिवळी झाक दिसू लागली की पुन्हा कल्हई करावी. एवढे सांभाळले तर वरण, खीर, आमटी, महालक्ष्म्यांची आंबील आणि कुरडयांचा चीक यांसाठी पितळेच्या जाड गंजासारखे भांडे नाही. आच सारखी लागते आणि चीक तळाला चिकटत नाही.

एखादे भांडे गळत असेल आणि त्याला पूर्वी डाख (धातूची झाळ) दिलेला असेल, तर ते स्वयंपाकाला वापरू नये, कारण डाखात शिसे असते. अशा भांड्यात तुळस लावावी किंवा ते शोभेला ठेवावे. गुंडात पाणी भरून ठेवायचे असेल तर त्यालाही आतून कल्हई करून घ्यावी. कोपर परातीसारखा वापरता येतो, कणीक मळायला त्याला कल्हईची गरज नाही, फक्त कणीक त्यात तासन्‌तास ठेवू नये. दोन गंजांपैकी मोठा आपल्याकडे ठेवावा, कारण महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आपल्याच घरी होणार आणि तेव्हा मुले आपल्याकडे येतील. लहान गंज सुनेला द्यावा, पण आधी तिला विचारून. तिला तो नको असेल तर आग्रह करू नये, पुढे एखाद्या वर्षी ती स्वतःच मागेल.

धनत्रयोदशीचा मुहूर्त साधायचाच असेल तर त्या दिवशी एक वस्तू घ्यावी: पूजेचा तांब्या, समई किंवा पाणी पिण्याचा तांब्याचा लोटा. लोट्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यायला हरकत नाही. लिंबाचे सरबत वा ताक मात्र त्यात ठेवू नये. त्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, दुकानदाराला गेज विचारायला आणि झाकण उलटून पाहायला कोणी वेळ देत नाही, म्हणून कुकर आणि कढई यांची खरेदी दसऱ्याच्या आधीच्या एखाद्या साध्या दिवशी, दुपारच्या वेळी, मुलगा आणि सून दोघांनाही बरोबर घेऊन करावी. उरलेले पैसे सुनेच्या हाती द्यावेत आणि फाल्गुनात माठ, ज्येष्ठात बरणी अशी खरेदी तिला तिच्या गरजेप्रमाणे करू द्यावी. आणि गंज, गुंड कल्हईसाठी घटस्थापनेपूर्वीच देऊन टाकावेत. दिवाळीच्या तोंडावर कल्हईवाल्यांकडे कामाची रास लागते आणि घाईत दिलेला थर सारखा बसत नाही.